हरलेला राष्ट्राध्यक्ष आणि नारू : जिमी कार्टर यांचं १९८१ नंतरचं प्रकरण

नारू हा शब्द आज पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या कोणाला विचारून बघा, बहुतेकांना माहीत नसतो. माझी आजी मराठवाड्यातली, तिच्या लहानपणी गावच्या बारवेत लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभे राहायचे आणि तेच पाणी घागरीतून घरी प्यायला यायचं, मग उन्हाळा आला की कोणाच्या ना कोणाच्या पायातून नारू निघायचा, पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आणि मध्येच तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजायचा. हे सांगताना आजी स्वतःचा घोटा चाचपायची.

या नारूच्या मागे अमेरिकेचा एक माजी राष्ट्राध्यक्ष जवळजवळ चाळीस वर्षं लागला होता हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळल्यापासून ते डोक्यातून जात नाही. जिमी कार्टर म्हटलं की लोकांना एक टर्म, इराणचे ओलीस आणि पराभव एवढंच आठवतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग जानेवारी १९८१ नंतरचा वाटतो, म्हणून हे प्रकरण तिथून मांडतोय.

पार्श्वभूमी

जन्म १ ऑक्टोबर १९२४, गाव प्लेन्स, जॉर्जिया राज्य. बालपण शेजारच्या आर्चरी नावाच्या वस्तीत शेतावर गेलं, घरात सुरुवातीला ना नळ ना वीज, वडील शेती आणि दुकान बघायचे, आई लिलियन नर्स. पोरगा नेव्हीत गेला, १९४६ ला नेव्हल अकॅडमीतून बाहेर पडला, पुढे पाणबुड्यांवर आणि मग अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणु-पाणबुडीच्या कामात.

इथली एक गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून जरा थांबून सांगतो. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हरला अणुभट्टीचा अपघात झाला आणि ती भट्टी खोलायला जी माणसं पाठवली त्यात कार्टर आपली टीम घेऊन होते. रेडिएशन इतकं की एका माणसाला आत जेमतेम दीड मिनिट थांबता येणार, म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टवर त्या भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली, कोणी कुठला बोल्ट काढायचा याची तिथे रंगीत तालीम केली, आणि मग एकेक जण आत पळत जाऊन आपला बोल्ट काढून बाहेर. मोठं संकट दीड-दीड मिनिटाच्या कामात फोडायचं, तेही आधी सराव करून. ही सवय त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिली असं मला वाटतं.

१९५३ ला वडील गेले आणि नेव्ही सोडून ते गावी परत आले. रोझलिन, म्हणजे त्यांची बायको, या निर्णयावर भयंकर चिडली होती. पहिल्या वर्षी दुष्काळ पडला आणि नफा तीनशे डॉलरच्याही आत. मग हळूहळू भुईमुगाचा धंदा वाढला. आपल्याकडचं अडत दुकान आणि कृषी सेवा केंद्र एकत्र केलं तर जे होईल तसं काहीतरी ते होतं, शेतकऱ्यांकडून शेंगा घ्यायच्या, साठवायच्या, बियाणं आणि खत विकायचं. पुढे राज्याचे सिनेटर, १९७१ ला गव्हर्नर, १९७७ ला राष्ट्राध्यक्ष.

आईचं इथे सांगायलाच पाहिजे कारण तो धागा थेट आपल्या विक्रोळीत येतो. लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेतून, भारतात आल्या आणि १९६६ ते ६८ विक्रोळीला गोदरेज कॉलनीत काम करत होत्या, आधी कुटुंब नियोजनाचं, मग दवाखान्यात. नवरा गेलाय, पोरं मोठी झालीत, आता आपण काय करायचं, हा प्रश्न त्या घरात जिमींच्या आधी आईने सोडवलेला होता.

अडचण

४ नोव्हेंबर १९८० ला कार्टर हरले आणि तेही सणसणीत, रेगन यांना ४४ राज्यं, इलेक्टोरल मतं ४८९ विरुद्ध ४९. महागाई होती, तेलाचा प्रश्न होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस, त्यांच्या सुटकेसाठी शेवटचे दोन-तीन दिवस हा माणूस नीट झोपलाही नव्हता. ते सुटले ४४४ व्या दिवशी, २० जानेवारी १९८१ ला, रेगन यांची शपथ झाल्यावर काही मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी कार्टर जर्मनीला जाऊन त्या लोकांना भेटून आले, पण तोवर ते माजी झालेले होते.

घरी काय तर कर्ज. राष्ट्राध्यक्ष होताना आपल्या पदाचा आपल्याच धंद्याला फायदा झाला असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी गोदामाचा सगळा कारभार ब्लाइंड ट्रस्टमध्ये टाकला होता, म्हणजे मालक आपणच पण काय चाललंय ते आपल्याला कळणार नाही, बघणार दुसरा. चार वर्षांत दुष्काळही पडला आणि कारभारही बिघडला, आणि निवडणूक झाल्यावर त्यांना कळलं की धंदा सुमारे १० लाख डॉलर कर्जात गेलाय. जो धंदा उभा करायला वीसेक वर्षं घातली तोच.

वय ५६. तब्येत ठणठणीत. प्लेन्सचं वीस वर्षांपूर्वी बांधलेलं साधं घर, त्याच्या माळ्यावर जमीन घातलेली नव्हती, व्हाइट हाउसहून आलेल्या खोक्यांना जागाच नाही. मग दोघा नवराबायकोने मिळून माळ्यावर फळ्या ठोकल्या. कालपर्यंत जगातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूस गुडघ्यावर बसून हातोडी चालवतोय, हे चित्र मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातं. निरोपाच्या वेळी स्टाफ आणि मंत्र्यांनी वर्गणी काढून सुतारकामाची हत्यारं भेट दिली होती, ती पुढे चाळीस वर्षं वापरली गेली.

समोरचे पर्याय

सगळ्यात आधी धंद्याचा निर्णय. शेती ठेवायची की गोदाम ठेवायचं की दोन्ही विकायचं. त्यांनी जमीन राखली आणि गोदाम एका मोठ्या कंपनीला विकून कर्ज फेडलं, शिवाय आठवणी लिहायचा करार घेतला. मला हा निर्णय बरोबर वाटतो कारण आपल्याकडेही बघतो ना, बुडत्या दुकानाला आणखी लोन काढून तगवत बसायचं, घराण्याचं नाव म्हणून. ते त्यांनी केलं नाही.

मग खरा प्रश्न, पुढची वीस-पंचवीस वर्षं काय? मोठमोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसायचं आणि भाषणांचे पैसे घ्यायचे, त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते केलं होतं आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. राजकारणात परत उतरायचं म्हटलं तर स्वतःच्या पक्षातच त्यांना कोणी विचारत नव्हतं. तिसरा रस्ता म्हणजे फक्त लायब्ररी, अमेरिकेत प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या नावाने एक ग्रंथालय-म्युझियम होतं, त्यासाठी देणग्या गोळा करत बसायचं. कार्टरना या कशातच राम वाटेना. त्यांनी पुढे स्वतः सांगितलंय की एका रात्री ते अचानक उठून बसले, रोझलिनला वाटलं तब्येत बिघडली, आणि ते म्हणाले की लायब्ररीच्या जोडीला काय करायचं ते मला सुचलंय. कॅम्प डेव्हिडला त्यांनी १९७८ मध्ये इजिप्त आणि इस्रायलच्या नेत्यांना तेरा दिवस बसवून तोडगा काढला होता, तसं भांडणाऱ्यांना आणून बसवता येईल अशी कायमची जागा काढायची. त्यातून १९८२ मध्ये अटलांटाला एमरी विद्यापीठाबरोबर कार्टर सेंटर सुरू झालं.

बघा, सुरुवातीला डोक्यात आरोग्य नव्हतंच, शांतता-वाटाघाटी एवढंच होतं. नारू नंतर आला.

१९८६ चा निर्णय

नारू त्यांच्यापर्यंत आणला पीटर बॉर्न यांनी, ते कार्टर यांचे जुने सहकारी डॉक्टर आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या पाण्याच्या कामात होते. तेव्हाचा अंदाज असा की आफ्रिका आणि आशियातल्या वीसेक देशांत मिळून वर्षाला ३५ लाख लोकांना नारू होतो.

हा रोग घ्यायचा की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं भरपूर होतं. नको म्हणायची कारणं बघा, यावर औषध नाही, लस नाही, एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, माणूस सहसा मरत नाही त्यामुळे बातमी होत नाही, आणि होतो कोणाला तर रस्ता संपतो त्याच्याही पुढच्या गावातल्या लोकांना, जे ना मत देणार ना देणगी देणार.

हो म्हणायचं कारण त्या जंताच्या आयुष्यात होतं. तळ्यातल्या पाण्यात डोळ्याला धड न दिसणारे सायक्लॉप्स नावाचे किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं, ते पाणी माणूस पितो, वर्षभर काही कळत नाही, आत मादी तीन फुटांपर्यंत वाढते आणि मग बहुतेकदा पायाला फोड येतो. त्याची इतकी आग होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि पाणी लागताच ती लाखो पिल्लं सोडते. झालं, चक्र पूर्ण. पण ही साखळी एका वर्षासाठी जरी सगळीकडे तुटली तरी रोग संपला, कारण तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्याला माणसाशिवाय दुसरं घरच नव्हतं. पाणी गाळा, रोग्याला तळ्यात उतरू देऊ नका, तळ्यात किडे मारणारं टेमेफॉस टाका, बास. सोप्पं वाटतं ना? प्रत्येक गावात, प्रत्येक घरात, प्रत्येक घोटाला करायचंय ते.

मला इथे टेनिस कोर्टवरची ती भट्टी आठवते. एकेक बोल्ट. कार्टर सेंटरचे तेव्हाचे प्रमुख बिल फेगी देवीच्या रोगाच्या मोहिमेतले, भारतातही काम केलेले, आणि नारूचं काम ज्यांनी पुढे नेलं ते डॉ. डोनाल्ड हॉपकिन्सही देवीच्याच मोहिमेतले. म्हणजे रोग कायमचा संपवता येतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली माणसं टीममध्ये होती, निर्णयात याचा वाटा मोठा आहे आणि तो नेहमी कमी सांगितला जातो.

काय केलं

सुरुवात पाकिस्तानपासून, १९८६ मध्ये तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जनरल झिया यांच्याशी बोलून. तिथला शेवटचा रोगी १९९३ ला सापडला. भारताने मात्र हे काम स्वतःच केलं, आपला राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ लाच सुरू झाला होता, तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रोगी होते आणि त्यात महाराष्ट्रही होता, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून पोहऱ्याने पाणी काढायची सोय केली, हातपंप आले, कापडाने गाळायला शिकवलं, शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर. कार्टरचं कौतुक करताना हे विसरायचं नाही.

१९८८ ला कार्टर आणि रोझलिन घानातल्या खेड्यात गेले. गावात रोग्यांना झाडाखाली गोळा केलं होतं आणि एका तरुण बाईने हातात बाळ धरलंय असं त्यांना लांबून वाटलं, म्हणून ते कौतुकाने जवळ गेले, तर ते बाळ नव्हतं, सुजलेला स्तन तिने हातावर तोलून धरला होता आणि त्याच्या टोकातून नारू बाहेर येत होता. त्या बाईच्या अंगातून त्या वर्षी आणखीही बरेच नारू निघाले. ही आठवण त्यांनी म्हातारपणापर्यंत पुन्हा पुन्हा सांगितली. माझ्या मते निर्णय कागदावर १९८६ ला झाला पण तो पक्का झाला त्या झाडाखाली.

मग माजी राष्ट्राध्यक्ष असण्याचा जो काही उपयोग असतो तो सगळा त्यांनी याच कामासाठी केला. कोणत्याही देशाच्या प्रमुखाला फोन केला की तो घेतला जातो, तर फोन करून विचारायचं काय, की तुमच्याकडे नारूचे रोगी किती, या महिन्यात किती, मागच्या महिन्यात किती? साधं कापड सतत ओलं राहून लवकर कुजतं म्हणून ड्यूपाँसारख्या कंपन्यांकडून न कुजणारं बारीक विणीचं नायलॉन कापड मोफत मिळवलं, जे लोक गुरांमागे रानात फिरतात त्यांच्यासाठी गळ्यात अडकवायची नळी, तोंडाला जाळी लावलेली, तिच्यातून पाणी ओढून प्यायचं. गावागावात तिथल्याच एखाद्या माणसाला रोज घर फिरून बघायला आणि नोंद करायला शिकवलं. काही गावांत तळं पूर्वजांचं, पवित्र, त्यात औषध टाकू देईनात, तिथे नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल गोवॉन यांच्यासारखे आपले वाटणारे लोक पुढे केले, कारण परक्या गोऱ्या माणसाने सांगणं वेगळं आणि त्यांनी सांगणं वेगळं.

सगळ्यात धाडसी पाऊल १९९५ मधलं, सुदानमध्ये. तिथे यादवी चालू, जगातले सगळ्यात जास्त रोगी तिथेच, आणि गोळीबारात गावापर्यंत जाणार कोण. थांबून युद्ध संपायची वाट बघणं हा पर्याय होता, कोणी दोष दिला नसता. कार्टर दोन्ही बाजूंशी बोलले आणि नारूसाठी युद्धविराम घडवला, आधी दोन महिने, मग वाढत वाढत जवळपास सहा महिने. त्या वेळात गाळण्या वाटल्या, मुलांना लसी टोचल्या, इतर रोगांची औषधंही पोचवली. ज्या भांडणं मिटवायच्या कल्पनेवर सेंटर सुरू झालं होतं ती आणि नारू इथे एकत्र आले.

निकाल

१९८६ ला अंदाजे ३५ लाख. नायजेरियात एकट्या सहा-साडेसहा लाख रोगी नोंदले गेले होते, तिथे २००८ नंतर एकही नाही. घानात १९८९ ला जवळपास १ लाख ८० हजार, २०१० ला शेवटचा. २०२४ मध्ये सगळ्या जगात मिळून १५ माणसं. लस नसताना, औषध नसताना, फक्त गाळणं, सांगणं आणि मोजणं यावर.

२००२ ला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो नुसता नारूसाठी नाही, वाटाघाटी, निवडणूक निरीक्षण, सगळंच धरून. गरिबांसाठी घरं बांधायचं कामही चालूच होतं, २००६ च्या दिवाळीनंतर लगेच लोणावळ्याजवळ पाटण गावात शंभर घरं बांधायच्या मोहिमेत ते स्वतः हातोडी घेऊन होते, वय ८२. त्याच फेरीत आई जिथे राहिली ती विक्रोळीही बघून आले.

२०१५ ला कॅन्सर झाल्याचं सांगायला त्यांनी पत्रकार परिषद घेतली, त्यात म्हणाले की माझ्या आधी शेवटचा नारू मरावा अशी इच्छा आहे. ते झालं नाही. २९ डिसेंबर २०२४ ला प्लेन्सच्या त्याच घरात वयाच्या १०० व्या वर्षी ते गेले, नारू अजून आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, धंदा. डोळे मिटून ट्रस्टला देण्यापेक्षा १९७७ लाच गोदाम विकून टाकलं असतं तर प्रामाणिकपणाही राहिला असता आणि कर्जही झालं नसतं. आपल्याला काही माहीत असता कामा नये हे ठीक, पण धंदा नीट चाललाय ना हे बघणारा आणखी कोणीतरी स्वतंत्र माणूस लागतो.

दुसरं जास्त गंभीर आहे. सुरुवातीच्या काळात त्यांच्या कामाला मोठा पैसा बीसीसीआय बँकेचे संस्थापक आगा हसन अबेदी यांच्याकडून आला आणि ती बँक १९९१ मध्ये प्रचंड घोटाळ्यात बंद पडली. पैसा गेला खेड्यातल्या कामाला हे खरं, पण ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्या बँकेत बुडाली त्यांना हे सांगून काय उपयोग. मी कार्टरना खूप मानतो तरी इथे त्यांचं चुकलं असंच म्हणेन, देणारा कोण आणि त्याच्याकडे एवढा पैसा येतो कुठून हे विचारायला हवं होतं.

तिसरं, तारखा. १९९५ पर्यंत नारू संपवू असं ठरलं होतं, मग २००९, मग २०१५, मग २०२०, आता २०३०. तारीख असली की देणगीदार आणि मंत्री हलतात हे मान्य, पण आकडा लाखांतून हजारांत आला की सगळे सैल पडतात. घानात नेमकं तेच झालं, १९९४ पर्यंत भराभर कमी झाला, उत्तरेत वांशिक संघर्ष पेटला, आणि मग बारा-तेरा वर्षं गाडी तिथल्या तिथे. शेवटचे शंभर रोगी शोधायला पहिल्या लाखापेक्षा जास्त माणसं आणि जास्त पैसा लागतो, हे आधीच धरून चालायला हवं होतं.

चौथं म्हणजे आफ्रिकेतला चाड देश. तिथे दहा वर्षं एकही रोगी नोंदला गेला नाही, सगळ्यांना वाटलं संपला, आणि २०१० ला पुन्हा सापडला. शून्य नोंद म्हणजे रोग नाही की बघणारं कोणी नाही, यातला फरक तेव्हा नीट तपासला गेला नाही. त्यावर कडी म्हणजे २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू दिसायला लागला, म्हणजे माणसाशिवाय त्याला घर नाही हे ज्या गृहीतकावर १९८६ चा निर्णय उभा होता तेच हललं. यासाठी मी कोणाला दोष देत नाही, तेव्हा उपलब्ध माहितीवर निर्णय बरोबरच होता, पण प्राण्यांवरही पहिल्यापासून नजर ठेवली असती तर पाच-सात वर्षं वाचली असती असं वाटतं.

आता चाडमध्ये नदीकाठच्या गावांत मासे साफ केले की आतडी कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून उघड्यावर न टाकता खड्डा करून पुरतात, कुत्र्याच्या अंगावर फोड दिसला की त्याला जंत पूर्ण बाहेर येईपर्यंत खुंट्याला बांधून ठेवतात, पाण्यापर्यंत जाऊ देत नाहीत, आणि जो मालक खबर देतो आणि कुत्रा बांधून ठेवतो त्याला रोख बक्षीस मिळतं.